थॉमस सांकारा : कर्जाला नकार देणारा राष्ट्राध्यक्ष

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरू लागतो. लष्करी गणवेश, लाल टोपी, हसरा चेहरा आणि खाली एखादे जळजळीत वाक्य. ते वाक्य खरोखर त्या माणसाचे आहे की नाही, हे तपासायला कोणी जात नाही. फोटो पुढे पाठवला की स्मृतिदिन पार पडला. यंदा आम्ही ठरवले, वाक्ये बाजूला ठेवायची आणि माणसाचे आयुष्य नीट सांगायचे. कारण थॉमस सांकारा यांचे आयुष्य ज्या प्रश्नाभोवती फिरले, तो प्रश्न आपल्या वस्तीतही रोज दार वाजवतो. तो प्रश्न म्हणजे कर्ज.

आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो, तिथे आठवड्याचा हप्ता गोळा करणारा आला की काही बाया मागच्या दाराने निघून जातात. कर्ज कशासाठी घेतले, ते कोणाच्या कामी आले, व्याज किती लागले, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. एवढेच सांगितलेले असते की फेडायचे तुम्हीच. १९८० च्या दशकात अर्ध्या जगाची अवस्था या बायांसारखीच होती. फरक एवढाच की तिथे कर्जदार माणूस नव्हता, देश होता. त्या काळात एका गरीब देशाच्या प्रमुखाने उभे राहून विचारले की हे कर्ज मुळात आमचे आहे का? त्यानंतर तो अकरा आठवडे जगला.

मजूर पुरवण्यासाठी राखलेला देश

सांकारा यांचा जन्म २१ डिसेंबर १९४९ रोजी पश्चिम आफ्रिकेतील याको या गावी झाला. देशाचे नाव तेव्हा अप्पर व्होल्टा. नावातच मालकाचा हात दिसतो. व्होल्टा नदीचा वरचा भाग, एवढीच फ्रेंचांच्या लेखी या भूमीची ओळख. समुद्रकिनारा नाही, पाऊस बेभरवशाचा, लोक ज्वारी-बाजरी पिकवून खाणारे. फ्रेंचांनी १९१९ मध्ये ही वेगळी वसाहत केली, १९३२ मध्ये ती मोडून शेजारच्या वसाहतींत वाटून टाकली आणि १९४७ मध्ये पुन्हा जोडली. मोडण्यामागचा हिशेब उघड होता. आयव्हरी कोस्टमधल्या कोको-कॉफीच्या मळ्यांना आणि रेल्वेच्या कामाला माणसे हवी होती. तेव्हा देशाचा मोठा तुकडा मजुरांसकट आयव्हरी कोस्टला जोडून दिला. स्वातंत्र्य ५ ऑगस्ट १९६० रोजी मिळाले, तरी तरुणांनी मळ्यांवर मजुरीला जाण्याची रीत थांबली नाही.

वडील जोसेफ फ्रेंच सैन्यातून दुसऱ्या महायुद्धात लढलेले आणि पुढे पोलिसी दलात नोकरीला. ते सिल्मी-मोसी, म्हणजे मोसी आणि पशुपालक फुलानी यांच्या संबंधांतून तयार झालेल्या समाजातले. मोसी सरंजामी उतरंडीत या समाजाला मानाचे स्थान नव्हते. त्या समाजव्यवस्थेला आपल्याकडच्या जातीचे नाव देणे बरोबर होणार नाही. पण जन्माने माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था म्हणजे काय, हे या मुलाला घरातच कळले होते, एवढे म्हणता येते.

कुटुंब कॅथलिक. मुलगा हुशार, तेव्हा त्याने पाद्री व्हावे अशी घरच्यांची आणि चर्चची इच्छा. मुलाने ते मानले नाही. बोबो-दिउलासो शहरात माध्यमिक शिक्षण झाल्यावर, १९६६ मध्ये तो राजधानी वागाडुगूजवळच्या लष्करी शाळेत दाखल झाला. सैन्य हा त्या काळी गरीब घरातल्या मुलाला शिष्यवृत्तीसह शिकायला मिळण्याचा मार्ग होता. तिथे आदामा तुरे नावाचे इतिहास-भूगोलाचे शिक्षक होते. वर्गाबाहेर निवडक मुलांना जमवून ते वसाहतवाद, चीन आणि रशियातील क्रांती, आफ्रिकेतील मुक्तिलढे यांवर बोलत. लष्करी शाळेच्या भिंतीआड चाललेला हा अभ्यासवर्ग सांकारा यांच्या राजकारणाचा पाया ठरला. अभ्यासवर्ग चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे. वर्गात किती मुले बसली यापेक्षा त्यातले एखादे पुढे काय करते, हे कधी कधी मोठे असते.

मादागास्करचा धडा

१९७० मध्ये पुढच्या लष्करी प्रशिक्षणासाठी त्यांना मादागास्करला पाठवले गेले. १९७२ मध्ये तिथे विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले आणि फ्रान्सच्या कलाने चालणारे त्सिरानाना सरकार कोसळले. विशीतल्या सांकारा यांनी हे जवळून पाहिले. स्वतंत्र झालेल्या देशातही सत्ता जुन्याच मालकाच्या सोयीने चालते आणि लोक उठले तर ती हलते, हे दोन्ही धडे त्यांना एकाच वेळी मिळाले.

मायदेशी परतल्यावर १९७४ मध्ये मालीबरोबर सीमेवर लढाई झाली. सांकारा यांचे नाव तिथे गाजले. पुढे मात्र ते स्वतःच या लढाईला निरर्थक मानू लागले. दोन भुकेले देश परक्यांनी आखलेल्या रेषेसाठी लढले, यात त्यांना पराक्रम दिसेना. १९७६ मध्ये पो या गावच्या कमांडो प्रशिक्षण केंद्राचे ते प्रमुख झाले. सैनिकांनी गावकऱ्यांबरोबर शेतात, विहिरीवर काम करावे, हा शिरस्ता त्यांनी तिथे घातला. ते गिटार वाजवत, मित्रांच्या वाद्यवृंदात कार्यक्रम करत. याच काळात मोरोक्कोतील प्रशिक्षणात त्यांची ब्लेझ कोंपाओरे या तरुण अधिकाऱ्याशी मैत्री झाली. दोघे भावांसारखे राहू लागले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

देशात एकामागून एक लष्करी राजवटी येत होत्या. १९८१ मध्ये कर्नल साये झेर्बो यांच्या सरकारने सांकारा यांना माहिती खात्याचे राज्यमंत्री केले. पहिल्या बैठकीला ते सायकलवरून गेले. वृत्तपत्रांना सरकारी भ्रष्टाचारावर लिहू दिले. सरकारने कामगार संघटनांचा संपाचा हक्क दडपला, तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी जाहीरपणे राजीनामा दिला. बदल्यात पदावनती आणि राजधानीपासून दूर बदली मिळाली. संघटनांच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा हा माणूस पुढे स्वतः सत्तेवर आल्यावर संघटनांशी कसा वागला, हे आम्ही खाली सांगणार आहोत.

आणखी एका सत्तापालटानंतर जानेवारी १९८३ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये अलिप्ततावादी राष्ट्रांच्या परिषदेसाठी ते नवी दिल्लीत आले होते. फिडेल कॅस्ट्रो यांच्याशी त्यांची भेट तिथेच झाली. त्यांची भाषा पॅरिसला रुचणारी नव्हती. मे महिन्यात फ्रेंच राष्ट्राध्यक्षांचे आफ्रिकाविषयक सल्लागार वागाडुगूला आले आणि त्याच सुमारास, १७ मे रोजी, सांकारा यांना अटक झाली. विद्यार्थी, कामगार, झोपडपट्ट्यांतील तरुण रस्त्यावर उतरले. पोच्या कमांडोंनी आपल्या प्रमुखाला अंतर दिले नाही. ४ ऑगस्ट १९८३ च्या रात्री कोंपाओरे यांच्या नेतृत्वाखाली हे कमांडो राजधानीत शिरले आणि ३३ वर्षांचे सांकारा राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्या हाताने

पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला देशाचे नाव बदलले. मूरे भाषेतील बुर्किना, म्हणजे सचोटीची, ताठ मानेची माणसे. आणि दिउला भाषेतील फासो, म्हणजे बापजाद्यांची भूमी. नागरिकासाठी जो बुर्किनाबे शब्द झाला त्याचा शेवट फुलानींच्या भाषेतून घेतला. तीन भाषांतून एक नाव उभे केले आणि फ्रेंच त्यातून बाहेर ठेवली. नामांतराचा अर्थ काय असतो, हे मराठवाड्याच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या तरुणांना वेगळे समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १९८४ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या देशाचा पाढा जगापुढे वाचला. ७० लाख लोकसंख्या, त्यात ६० लाखांहून अधिक शेतकरी. जन्मलेल्या हजार मुलांपैकी १८० मुले दगावतात. सरासरी आयुष्य ४० वर्षे. ५०,००० माणसांमागे एक डॉक्टर. शाळेत जाणारी मुले १६ टक्के. ही दोन दशकांच्या स्वातंत्र्याची कमाई होती.

मग त्यांनी काय केले? नोव्हेंबर १९८४ मध्ये सुमारे पंधरा दिवसांत २० लाखांहून अधिक मुलांना गोवर, मेंदूज्वर आणि पिवळा ताप यांच्या लसी टोचल्या गेल्या. एवढ्या घाईत हे जमणार नाही, अशी शंका परदेशी तज्ज्ञांना होती. प्रत्येक गावात एक प्राथमिक आरोग्य ठाणे, हा कार्यक्रम त्याच वेळी सुरू झाला. ऑक्टोबर १९८४ पासून सव्वा वर्षाची लोकविकास योजना राबवली गेली. गावांनी काय हवे ते सांगायचे, श्रम गावाने द्यायचे, साहित्य सरकारने पुरवायचे. तळी, विहिरी, शाळा, दवाखाने अशी कामे उभी राहिली. सूरू खोऱ्यात धरण बांधून शेतीला पाणी देण्याचे काम झाले. जंगलाला आगी लावणे, बेसुमार तोड आणि मोकाट चराई या तिन्हींविरुद्ध मोहीम उघडली आणि वाळवंट रोखण्यासाठी लाखो झाडे लावली. लग्न असो वा बारसे, झाड लावायचे, अशी प्रथा पाडली गेली.

उत्तरेकडच्या मँगनीजच्या खाणींकडे रेल्वे न्यायची होती. आंतरराष्ट्रीय संस्थांनी ती परवडणारी नाही म्हणून पैसा नाकारला. १९८५ मध्ये लोकांनी हाताने रूळ टाकायला सुरुवात केली. कार्यालयातले कारकून, विद्यार्थी, सैनिक, मंत्री पाळीपाळीने कामाला गेले. या रुळांची आर्थिक उपयुक्तता किती, यावर वाद होऊ शकतो. पण परवडते की नाही हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्या कामाने उभा केला.

सरकारी मर्सिडीज गाड्या विकून मंत्र्यांना छोट्या रेनो-५ गाड्या दिल्या. अधिकाऱ्यांच्या पगारातून विकासासाठी कपात सुरू केली. देशात पिकलेल्या कापसाचे, देशातच हातमागावर विणलेले फासो दान फानी हे कापड सरकारी कर्मचाऱ्यांना सक्तीचे केले. गावच्या सरदारांना मिळणारा नजराणा आणि वेठ बंद केली, डोईपट्टी रद्द केली, जमीन राष्ट्राच्या मालकीची केली. १९८५ हे वर्ष घरभाडे माफ म्हणून जाहीर झाले.

स्त्रियांच्या प्रश्नावर ते ज्या ठामपणे बोलले, तसे त्या काळात कोणत्याही देशाचे प्रमुख क्वचितच बोलत. सक्तीचे विवाह, बहुपत्नीत्व आणि मुलींच्या जननेंद्रियांची कापणी यांविरुद्ध सरकारने मोहीम उघडली. स्त्रिया मंत्रिमंडळात आल्या, सैन्यात आल्या. २२ सप्टेंबर १९८४ रोजी पुरुषांनी बाजारहाट करावा, असा दिवस पाळला गेला. बाजारात गेलेल्या पुरुषांना भाव ऐकून घाम फुटला असेल, पण मुद्दा गमतीचा नव्हता. जी अर्थव्यवस्था बाईच्या न मोजलेल्या श्रमावर चालते, ती कागदावरच्या क्रांतीने बदलत नाही, हे त्यांना समजले होते.

स्वावलंबन कोणाचे?

इथे थोडे थांबून त्या काळचे जग पाहू. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य बँकांकडे पैसा मुबलक होता आणि तो गरीब देशांना उदारपणे कर्जाऊ दिला गेला. १९७९ नंतर अमेरिकेने व्याजदर प्रचंड वाढवले. कापूस, कोको, तांबे यांचे भाव पडले. १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि कर्जसंकट जगभर पसरले. मग नाणेनिधी आणि जागतिक बँक मदतीला आल्या, पण अटी घेऊन. सरकारी खर्च कापा, अनुदाने बंद करा, सरकारी उद्योग विका, आयातीवरचे निर्बंध काढा, चलनाचे अवमूल्यन करा, निर्यातीची पिके वाढवा. याला संरचनात्मक समायोजन असे गोंडस नाव मिळाले. तोफा घेऊन येणारा साम्राज्यवाद आता फायली घेऊन येऊ लागला.

बुर्किना फासोच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. तिचे चलन, सीएफए फ्रँक, फ्रेंच फ्रँकला बांधलेले होते आणि परकीय गंगाजळीचा मोठा भाग फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावा लागे. चलन कोणाच्या सोयीने चालवले जाते, हा राजकीय प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी १९२३ मध्येच रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात ब्रिटिश कारभाराच्या संदर्भात मांडले होते. सांकारा यांनाही या चलनाची अडचण कळत होती, पण चार वर्षांत ते ती बेडी तोडू शकले नाहीत.

सांकारा यांच्या काळात देशाने नाणेनिधीशी समायोजनाचा करार केला नाही. पण त्यांनी स्वतःही खर्च कापला, पगार कापले, लोकांना पदरचे श्रम द्यायला लावले. मग नाणेनिधीत आणि त्यांच्यात फरक काय? आमच्या अभ्यासवर्गात एका ताईंनी हाच प्रश्न विचारला होता, आणि तो चांगला प्रश्न आहे. आज स्वावलंबन हा शब्द आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांच्या प्रत्येक प्रकल्पात असतो. सरकार दवाखान्यातून हात काढून घेते आणि वस्तीला सांगते की स्वावलंबी व्हा. बाईला कर्ज मिळते, नोकरी मिळत नाही. हे स्वावलंबन म्हणजे वरच्याने जबाबदारी झटकणे. सांकारा यांनी कात्री वरून चालवली. आधी मंत्र्यांच्या गाड्या, मग अधिकाऱ्यांचे भत्ते, सरदारांचे नजराणे. वाचलेला पैसा कर्जदात्याकडे जाण्याऐवजी लसीकडे आणि विहिरीकडे जावा, हा त्यांचा रोख होता. शब्द एकच, पण पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या दारी जातो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

अदिस अबाबा

२९ जुलै १९८७. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे आफ्रिकी एकता संघटनेची परिषद. सांकारा यांनी कर्जावर भाषण केले. त्यांचा युक्तिवाद असा होता. या कर्जाचे मूळ वसाहतवादात आहे. ज्यांनी आम्हाला गुलाम केले, त्यांचेच भाऊबंद सावकार आणि सल्लागार होऊन आले. कर्ज घेण्याचे निर्णय त्यांनीच आमच्या गळी उतरवले. आम्ही फेडले नाही तर सावकार मरणार नाहीत, पण फेडत राहिलो तर आमची माणसे मरतील. त्यामुळे फेडायला नकार देणे ही बेइमानी होत नाही. मात्र हा नकार सर्वांनी मिळून द्यायला हवा. बुर्किना फासोने एकट्याने नकार दिला, तर पुढच्या परिषदेला मी दिसणार नाही, असेही ते म्हणाले. शस्त्रांवरचा खर्च कमी करा, आफ्रिकेत पिकते ते आफ्रिकेत तयार करा आणि वापरा, असे आवाहन करून त्यांनी आपल्या अंगावरचे देशी कापड दाखवले.

सभागृहात टाळ्या झाल्या, हशाही झाला. पण एकत्र नकार द्यायला कोणी पुढे आले नाही. प्रत्येक देश आपापल्या सावकाराशी एकट्याने, बंद दाराआड बोलत राहिला. आमच्या वस्तीतल्या बायाही हप्तेवाल्याशी एकेकट्याच बोलतात. कर्जदार एकटा असणे, हीच सावकाराची खरी ताकद.

याआधी नोव्हेंबर १९८६ मध्ये फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मित्तराँ वागाडुगूला आले, तेव्हाही सांकारा गप्प बसले नव्हते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या बोथांना फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवू दिल्याबद्दल त्यांनी पाहुण्याला मेजवानीतच सुनावले होते. शेजारी आयव्हरी कोस्टचे अध्यक्षही या तरुणाकडे धास्तीने पाहत होते.

चुका सांगायला हव्यात

इथपर्यंत वाचून एखाद्याला पोस्टर छापावेसे वाटेल. पण चुका गाळून सांगितलेले चरित्र कार्यकर्त्याच्या उपयोगाचे नसते.

मार्च १९८४ मध्ये शिक्षकांनी संप केला. सांकारा सरकारने सुमारे १,४०० शिक्षकांना कामावरून काढले. त्यांच्या जागी घाईत तयार केलेली माणसे नेमली आणि शाळांचे नुकसान झाले. दोन वर्षांपूर्वी संपाच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलेल्या माणसाने हे केले. संघटनांचे नेते तुरुंगात गेले. ज्या आदामा तुरे यांच्या अभ्यासवर्गात ते घडले, त्यांच्या डाव्या पक्षाशीही सरकारचे फाटले. जून १९८४ मध्ये कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या. गावोगावच्या क्रांती संरक्षण समित्यांनी चांगली कामे केली, पण हातात बंदुका आलेल्या काही पोरांनी जुने हिशेबही चुकते केले. लोकन्यायालयांत भ्रष्ट पुढाऱ्यांना जाब विचारला गेला, तिथे आरोपीला वकील नव्हता. डिसेंबर १९८५ मध्ये मालीशी पुन्हा लढाई झाली. विरोधी पक्ष नव्हते, निवडणुका नव्हत्या.

सांकारा यांना यातल्या काही चुका दिसत होत्या. समित्यांच्या मनमानीवर त्यांनी जाहीर टीका केली, काढलेल्या शिक्षकांपैकी अनेकांना परत घ्यायला सुरुवात झाली. पण सगळे चाक एका माणसाच्या आसाभोवती फिरत होते. तो आस मोडला तर गाडी सावरेल अशी कोणतीही संस्था तयार झाली नव्हती.

१५ ऑक्टोबर १९८७

त्या गुरुवारी दुपारी सांकारा वागाडुगूमध्ये सहकाऱ्यांबरोबर बैठकीत होते. सशस्त्र तुकडी आली. सांकारा आणि त्यांच्यासोबतचे बारा जण मारले गेले. रात्रीतच मृतदेह शहराबाहेरच्या दफनभूमीत घाईघाईने पुरले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले, नैसर्गिक मृत्यू. वय ३७. मागे पत्नी मारियम आणि दोन लहान मुले. संपत्ती म्हणावी तर काही सायकली, गिटारी, एक जुनी मोटार आणि फेडायचे राहिलेले घराचे कर्ज.

सत्तेवर आले ब्लेझ कोंपाओरे. त्यांनी आपल्या राजवटीला दुरुस्तीचे नाव दिले. मार्च १९९१ मध्ये बुर्किना फासोने नाणेनिधीशी समायोजनाचा करार केला. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याकडेही खाउजा धोरण आले, हा योगायोग नाही. कर्जाची तीच शाळा, तेच धडे. सरकारी कंपन्या विक्रीला निघाल्या, दवाखान्यात औषधाचे पैसे रुग्णाकडून घेणे रूढ झाले. जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य एका दिवसात निम्मे झाले. आयात औषधे, खते महागली.

कापूस उत्पादक शेतकऱ्यांची कथा तर थेट विदर्भाशी जुळते. मुक्त बाजाराचा उपदेश करणारी अमेरिका स्वतःच्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत होती आणि त्यामुळे जगभर भाव पडत होते. २००३ मध्ये कान्कुनच्या जागतिक व्यापार परिषदेत बुर्किना फासो, माली, बेनिन आणि चाड या चार गरीब देशांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्याच पडलेल्या भावांची झळ यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्यांनाही बसत होती. बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला, बुर्किना फासोत २००८ मध्ये. धाग्याची लांबी घटून भाव मिळेना, तेव्हा त्यांनी काही वर्षांतच तो सोडून दिला. अदिस अबाबात सांकारा यांनी मांडलेला एकजुटीचा मुद्दा केवळ आफ्रिकेपुरता नव्हता, हे यावरून दिसते.

कोंपाओरे २७ वर्षे टिकले. १९९८ मध्ये पत्रकार नॉर्बर झोंगो यांचा खून झाला, तेव्हापासून असंतोष साचत गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी राज्यघटना बदलून पुन्हा उभे राहण्याचा घाट घातला आणि लाखो तरुण रस्त्यावर आले. यातल्या बहुतेकांचा जन्म सांकारा यांच्या हत्येनंतरचा होता. ३१ ऑक्टोबर रोजी कोंपाओरे पळाले. २०१५ मध्ये कबरी उकरल्या गेल्या. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने कोंपाओरे यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. मारियम सांकारा यांनी न्यायासाठी जवळपास ३५ वर्षे वाट पाहिली होती. परदेशी हाताबद्दलचा तपास या खटल्यापासून वेगळा ठेवला गेला. त्याचा निकाल लागल्यासारखे आपण बोलू नये.

आपण काय घ्यायचे?

आज बुर्किना फासोत पुन्हा लष्कराची सत्ता आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले इब्राहिम त्राओरे सांकारा यांचा वारसा सांगतात आणि त्यांचे व्हिडिओ आपल्या तरुणांच्या मोबाइलवरही फिरतात. टीकाकारांना सक्तीने आघाडीवर पाठवले जात असल्याचे मानवाधिकार संघटनांचे आरोपही तितकेच फिरायला हवेत. लाल टोपी घातली की सांकारा होता येत नाही. आणि खुद्द सांकारा यांनाही देव करून चालणार नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल सावध केले होते. सांकारा यांचा जन्म त्यानंतर महिन्याभरात झाला. त्यांचे आयुष्य त्या इशाऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवते. एक प्रामाणिक माणूस चार वर्षांत किती करू शकतो, आणि सगळे एका माणसावर ठेवले की एका दुपारी ते कसे संपते.

आमच्याकडे बंदूक नाही, आणि ती नको. संघटना करण्याचा, निवडणुकीचा, कोर्टात जाण्याचा रस्ता आपल्याला आहे. तो अरुंद होत चालला आहे, म्हणून तर त्याची किंमत जास्त. यंदा १५ ऑक्टोबरला फोटो पाठवण्याऐवजी एक काम करू या. आपापल्या वस्तीत दहा घरांत जाऊन विचारू, कर्ज किती आहे, कोणाचे आहे, व्याज किती लागते, कशासाठी घ्यावे लागले. दवाखान्यासाठी, शाळेच्या फीसाठी, की आणखी कशासाठी? ते एका वहीत मांडू आणि त्या दहा बायांना एका चटईवर बसवू. सावकाराशी एकेकटे बोलायचे नाही, हे सांकारा यांनी देशांना सांगितले होते. देशांनी ते ऐकले नाही. वस्तीला ऐकता येईल.